देवीची उजवी बाजू

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, बाळकुमच्या गावदेवीच्या देवळात, कान्हाने आयुष्यातली पहिली मोठी लबाडी केली. छोट्या लबाड्या त्याच्या नावावर होत्या. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीस वर्षं काढताना आजारी नसताना तो आजारी पडला होता, आणि बीपीची गोळी घेतली असं बायकोला सांगून ती खिडकीतून फेकलीही होती. पण देवीसमोर उभं राहून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, तिलाच फसवायचं, हे त्याने अठ्ठावन्न वर्षांत कधी केलं नव्हतं.

त्याचाही इलाज नव्हता. दक्षता, त्याची एकुलती एक मुलगी, नर्स. आखातातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला नोकरी लागली होती आणि बुधवारी दुपारचं विमान होतं. चार वर्षं परीक्षा देऊन, तीन मुलाखतींत नापास होऊन, चौथ्यांदा तिने ही नोकरी मिळवली होती. आणि नेमकं आता तिकडचं वातावरण तापलं. गेले वीस दिवस कान्हा टीव्हीसमोरून हलला नव्हता. कुठलं क्षेपणास्त्र किती लांब जातं हे त्याला तोंडपाठ झालं होतं. चौकोनात चार-चार माणसं ओरडताहेत, खाली लाल पट्टी धावतेय, आणि प्रत्येक स्फोटाच्या धुरात याला आपल्या पोरीचा पांढरा गणवेश दिसायचा.

"पप्पा, ते सगळं माझ्या हॉस्पिटलपासून लांब आहे," दक्षता सांगायची.

"लांबच असतं सगळं, जवळ येईपर्यंत," कान्हा म्हणायचा, आणि दोघांचं तिथेच बिनसायचं.

शेवटी मालूआजीने, म्हणजे कान्हाच्या आईने, निकाल दिला होता. गावदेवीला कौल लावायचा. देवी बोलेल ते दोघांनी ऐकायचं. दक्षताने हो म्हटलं, कान्हाने हो म्हटलं, आणि घरात आठवड्यात पहिल्यांदा शांतपणे जेवणं झाली.

पण घोळ असा झाला की मालूआजी स्वतः देवळात येऊ शकत नव्हती. चार दिवसांपूर्वी तिचा मोतीबिंदू काढला होता, आणि धूप-उदबत्तीच्या धुरात जायचं नाही असं दक्षतानेच बजावलं होतं. पुजारी रवींद्र शेजारच्या टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर वास्तुशांतीत अडकलेला. त्याने फोनवरच उरकलं. "कान्हादादा, तुम्हीच लावा. दोन पाकळ्या घ्या, पाण्यात बुडवा, मुखवट्याच्या दोन गालांवर चिकटवा. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. मनापासून विचारा. ठेवू? होम पेटलाय."

कान्हाने आजवर कौल लागताना पाहिला होता तो मागच्या रांगेतून, बायकांच्या डोक्यांवरून. पाकळ्या लावायचं काम आईचं आणि पुजाऱ्याचं. ह्याचं काम चपला सांभाळायचं.

बायको सुगंधा शेजारी डोळे मिटून, हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलत होते. देवळात तिसरं कुणी नव्हतं. कान्हाने झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. उजव्या हाताची पाकळी तशीच थबथबलेली उजवीकडे दाबून बसवली. डाव्या हातातली त्याने शर्टाच्या टोकाला पुसली. एकदा पुसली, मग मन भरेना म्हणून पुन्हा पुसली, आणि डावीकडे जेमतेम टेकवली.

"आये," तो देवीला म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला, "पोरीला पाठवू क..."

'का' पुरा व्हायच्या आत डावीकडची पाकळी खाली.

"डावी!" कान्हा ओरडला. "सुगंधा, डावी पडली! नाही बोलली देवी!"

सुगंधाने डोळे उघडले आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. आनंदाने की पोरीच्या वाईटाने, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. घरी येताना कान्हाला इतकं हलकं वाटलं की त्याने नाक्यावर अर्धा किलो जिलेबी घेतली. मग बिल्डिंगच्या गेटाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, पोरीचं स्वप्न मोडल्याची जिलेबी वाटायची कशी? त्याने ती पिशवी सुगंधाच्या भाजीच्या पिशवीत मेथीखाली खुपसली.

*

दक्षता आजीच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होती तेव्हा तिला निकाल कळला.

"डावी पडली," पप्पा दारातूनच म्हणाले, आणि चप्पल काढायला उगाच फार वेळ लावला.

तिने थेंब मोजून घातले. एक, दोन. बाटलीचं झाकण लावलं. "आजी, मी सांगेपर्यंत डोळे मिटून ठेव," म्हणाली. मग आत जाऊन बॅगेसमोर उभी राहिली. बॅग अर्धी भरली होती. वर आईने चार दिवसांपूर्वी ठेवलेली सुक्या जवळ्याची पुडी होती, सात प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक बांधलेली. ती काढावी की राहू द्यावी, एवढाच प्रश्न तिच्या डोक्यात फिरत राहिला. रडू आलं नाही. काहीतरी दुसरंच वाटत होतं, आणि जे वाटत होतं त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने बॅगेची चेन ओढून टाकली.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. जगनकाका आला होता शहाडहून.

जगन हा कान्हाचा धाकटा भाऊ. त्याच्या मुलाच्या, प्रणितच्या, हळदीत डीजे किती वाजता बंद करायचा यावरून दोघा भावांचं जे वाजलं, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघे बोलत, पण तिसऱ्या माणसाकडे बघून. जगन देवाधर्माच्या वाटेला जात नसे. आईच्या पाया पडायचा, देवळाच्या पायरीला नाही. आज तो खास पुतणीच्या बाजूने लढायला आला होता, आणि मागच्या सीटवर बसवून धम्मपालला घेऊन आला होता.

धम्मपाल शहाडला जगनच्याच चाळीत राहणारा, दक्षताबरोबर एकाच वॉर्डात पाच वर्षं काम केलेला, आणि बुधवारी त्याच विमानाने त्याच हॉस्पिटलात जाणारा. दक्षताचे काही कागद त्याच्याकडे होते ते द्यायला आला होता. सुगंधाने दोघांना पाणी दिलं.

"वहिनी," जगन सुगंधाकडे बघत म्हणाला, "दादाला विचारा, झेंडूच्या पाकळीवर पोरीचं करिअर ठरवायचं का म्हणून."

"सुगंधा, त्याला सांग, दक्षताने स्वतः हो म्हटलेलं," कान्हा टीव्हीकडे बघत म्हणाला. टीव्ही बंद होता.

"वहिनी, दादाला सांगा, पोरं मोठ्यांच्या धाकाने हो बोलतात."

"माझ्याकडे बघून बोलू नका दोघं!" सुगंधा उखडली. "भाजी करपेल माझी."

दक्षता बाहेर आली. "काका, राहू दे ना. मी बोललेले, देवी सांगेल ते मान्य. संपला विषय."

"असा कसा संपला? चार वर्षं घासलीस तू!"

"संपला बोलले ना!"

तिचा आवाज चढलेला बघून धम्मपालला तिथून उठावंसं वाटलं, पण कागद अजून हातातच होते. तो तसा कमी बोलणारा. त्याच्या घरात कौल वगैरे नव्हता. आई सकाळी त्रिसरण म्हणायची आणि डबा भरायची. पण उत्सुकतेने त्याने विचारलं, "काका, म्हणजे नक्की काय असतं? कसं कळतं?"

कान्हाला बरं वाटलं. निदान कुणीतरी सरळ त्याच्याकडे बघून विचारत होतं. "सोपं आहे. देवीच्या दोन गालांवर दोन पाकळ्या. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. आज डावी पडली."

"अच्छा." धम्मपालने मान डोलावली. मग नर्सच्या सवयीने विचारलं, "डावी म्हणजे कुणाची डावी?"

"कुणाची म्हणजे?"

"म्हणजे तुमची डावी की देवीची? तुम्ही समोर उभे राहिलेले ना."

दक्षताने झटकन वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या वॉर्डात पहिल्याच दिवशी शिकवतात, डावा पाय म्हणजे पेशंटचा डावा, आपल्याला दिसतो तो नाही. हे चुकलं तर भलताच गुडघा उघडला जातो.

"माझी," कान्हा म्हणाला. "माझी डावी. आणि कुणाची?"

कोपऱ्यातल्या पलंगावर डोळे मिटून बसलेली मालूआजी तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"अरे कान्ह्या," ती म्हणाली, "तुजी डावी कशाला? कौल तू देतंस का देवी देते? देवीची उजवी ती उजवी. तुज्या डाव्या हाताला पडली म्हनजे तिची उजवीच पडली. ती हो बोललीय."

*

सुगंधाच्या हातातला झारा तसाच राहिला. सकाळपासून तिने जीव भांड्यात पाडून घेतला होता, आता तो पुन्हा टांगणीला. पोरगी जाणार. बुधवारी. तिला एकदम ओरडावंसं वाटलं, पण जगनच आधी ओरडला.

"बघा! देवी हो बोलली!" देवाला न मानणारा जगन पलंगापाशी जाऊन आईच्या पाया पडला. "वहिनी, दादाला सांगा, आता देवीचा शब्द मोडायचा नाही!"

"तो कौल धरायचा नाही," कान्हा म्हणाला.

"का? मघाशी धरत होतास तो!" जगन इतका चेव येऊन बोलला की तिसऱ्या माणसाकडे बघायचं विसरला.

"धरायचा नाही म्हटलं ना. पुन्हा लावू. रवींद्रला येऊ दे."

"डावी पडली तर खरा, उजवी पडली तर खोटा? काय दादा, देवी आहे की पंचायत?"

"जगन, तू गप्प बस. तू तर देव मानत नाहीस!"

"मी नाही मानत, तू मानतोस ना? मग मान!"

सुगंधा नवऱ्याकडे बघत होती. तीस वर्षं ती ह्या माणसाला ओळखत होती. घाबरला की तो चिडतो, आणि लपवत असला की शर्टाचं टोक ओढतो. आत्ता तो चिडलाही होता आणि शर्टाचं टोकही ओढत होता. त्या टोकावर झेंडूचा पिवळा डाग होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे काय लागलंय?"

कान्हाने टोक मुठीत धरलं.

"पाकळी पुसलीत तुम्ही?"

कान्हाने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा आईच्या मिटलेल्या डोळ्यांकडे, आणि कॉटच्या कडेला बसला.

"पुसली," तो म्हणाला. "डावी पुसली. पाणी नसलं की चिकटत नाही, पडते. मला वाटलं... मला ती पाडायची होती. 'नाही' यावं म्हणून." त्याने आईकडे मान वळवली. "वीस दिवस झोपलो नाही मी, आय. डोळा लागला की सायरन ऐकू येतो. मी माझ्या हाताने पोरीला तिकडे कशी पाठवू? मला नाही जमत. देवीला फसवलं मी. झालं?"

सुगंधाला त्याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला वाटलं, हे मला का नाही सुचलं. आणि तसं वाटल्याची तिला स्वतःचीच भीती वाटली.

मालूआजीचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं म्हातारी रडतेय. दक्षता धावली. पण ती हसत होती. तोंडावर हात धरून, बोळक्यातून आवाज फुटू न देता, गदागदा हसत होती.

"आजी, हसू नको! डोळ्यावर ताण येईल!"

"आगो, थांब गो," आजी श्वास घेत म्हणाली. "ह्याला नाय पायजे व्हती... म्हनून ह्यानं पाकली सुकवली... नि सुकवली ती देवीची उजवी! अरे, तू पाडलीस ती 'हो'ची पाडलीस रं! तिला फसवाया गेलास, नि तिनं तुज्याच हातानं 'हो' बोलून घेतलं!"

जगन खो खो हसत सुटला. धम्मपालने कागद तोंडापुढे धरले. सुगंधालाही आवरेना, आणि ती झारा घेऊन आत पळाली. तिथे मेथीच्या पिशवीत तिला जिलेबी सापडली, तेव्हा ती ओट्याला टेकून पुन्हा हसली, आणि हसता हसताच डोळे पुसून, ताट भरून बाहेर घेऊन आली. "घ्या," म्हणाली. "देवीने 'नाही' म्हटल्याची जिलेबी. ह्यांनी आणलीय."

कान्हा सोडून सगळ्यांनी खाल्ली.

*

"हसा," कान्हा म्हणाला. "पण आय, मग ही काय देवीची मर्जी म्हणायची? ही तर माझी चूक. माझ्या चुकीवर पोरीला पाठवू?"

जगनच्या हातातली जिलेबी अर्धीच राहिली. देवीच्या मर्जीचा हा प्रश्न तो पन्नास वर्षं मनातल्या मनात विचारत आला होता, फक्त मोठ्याने कधी विचारला नव्हता.

"आय," तो म्हणाला, "आता विषय निघालाच आहे तर विचारतो. बाबांच्या वेळी काय झालेलं?"

सुगंधाने त्याला डोळ्यांनी दटावलं. ह्या घरात ते कुणी विचारत नसे. गोपीनाथ, म्हणजे कान्हा-जगनचा बाप, खाडीतून होडी घेऊन समुद्रावर गेला तो आला नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. कान्हा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि जगन दोन.

"कौल लावलेलास ना तेव्हा? काय पडली?"

"उजवी," मालूआजी म्हणाली.

"बघ." जगनचा आवाज खाली आला. आता तो भांडत नव्हता. "उजवी पडली, तू पाठवलंस, ते गेले. तरी तू त्याच देवळात जातेस. आज नातीला पण तिच्याच हवाली करतेस. कसं जमतं तुला? मला नाही जमलं कधी. राग येतो मला तिचा. अजून येतो."

आजीने चाचपडत हात पुढे केला. जगनचा हात सापडेपर्यंत तो हवेत तसाच राहिला, मग जगनने पुढे होऊन धरला.

"मना पन आला राग," ती म्हणाली. "वरीसभर रोज जायचे मी तिच्याकं. पूजेला नाय, भांडाया. रोज सकाली टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जायच्या आदी देवलात जायचे नि तोंडाला येल ते बोलायचे. रवींद्राचा आजा पुजारी व्हता, तो बिचारा बाहेर जाऊन उभा राहायचा. एक दिवस भांडता भांडता माजं मनाच आइकू आलं. मी बोलत व्हते, तू सांगितलंस तो परत येल. नि मना आठवलं, तिनं असं सांगितलंच नव्हतं. मी इचारलेलं, जाऊ दे का. ती बोलली, जाऊ दे. 'परत येल' हे मीच माज्या मनानं जोडलेलं."

"मग उपयोग काय कौलाचा?" जगनने विचारलं. "पुढचं कळणारच नसेल तर?"

"पुढचं कलाया कौल नसतो रं. तिकडं काय व्हनार ते कुनाला ठाव? हितं काय व्हनार ते तरी कुनाला ठाव? कौल लावायचा तो आपल्याच्यानं उचलत नाय तो भार तिच्या दारात ठेवाया. ठेवला का ठेवला. हा ठेवतो नि परत रातचं जाऊन उचलून आनतो." तिने कान्हाच्या दिशेने हनुवटी उडवली. "तुमचा बा गेला तवा मी पंचवीस वर्सांची व्हते. सकाली पाचला मी मासं आनाया जायचे, तुमी दोघं घरात झोपलेले. दाराला कुलूप पन नव्हतं. मी बाजारात बसून काय करनार व्हते? हितून हात पोचत व्हता का माजा? तिला बोलायचे, तू बघ. तिनं बघितलं. दोघं पन मोठं झालात, भांडाया लागलात."

जगनचा राग गेला असं नाही. पण इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आईने बाप विसरून देवी धरली. तिने देवीशी वर्षभर भांडण मांडलं होतं, हे त्याला आज कळत होतं. त्याने आईचा हात सोडला नाही.

"म्हणजे पाठवायची," कान्हा म्हणाला.

"ते तिला इचार. जानार ती हाय."

सगळ्यांनी दक्षताकडे पाहिलं. ती आजीच्या पायाशी औषधाची बाटली हातात घेऊन बसली होती, आणि आता तिचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला.

"मला पण डावीच हवी होती," ती म्हणाली.

"काय?" जगन उडालाच.

"पप्पा सकाळी बोलले ना, डावी पडली, तेव्हा मला बरं वाटलं. एकदम सुटल्यासारखं. आणि मग इतकी लाज वाटली..." तिने बाहीला नाक पुसलं. "तुम्ही सगळे बोलता दक्षता घाबरत नाही. मी घाबरते! रोज घाबरते. मोबाईलवर सगळं बघते मी पण, बाथरूममध्ये बसून. देवी नाही बोलली असती तर मला कोणी घाबरट बोललं नसतं. मी तर जाणार होते, देवीनेच अडवलं, असं झालं असतं. पप्पांनी एक पाकळी पुसली. मी असते तर दोन्ही पुसल्या असत्या."

कान्हा मुलीकडे बघत राहिला. वीस दिवस दोघं एकाच छताखाली एकाच गोष्टीला घाबरत होती, आणि एकमेकांशी भांडत होती.

"आयला," धम्मपाल म्हणाला, आणि मोठ्यांसमोर बोललो म्हणून जीभ चावली. "मी पण घाबरलोय. तुला काय वाटलं? मी काल तीनदा एजंटला फोन केला, तारीख पुढे ढकलता येईल का म्हणून."

"तू? तू तर मला लेक्चर देत होतास!"

"ते मी मलाच देत होतो. तू फक्त समोर होतीस." तो थोडा हसला. "कोविडमध्ये आठवतं ना? पहिल्या दिवशी किट घालून दोघं लिफ्टमध्ये उभे राहिलो आणि बटणच दाबेना कोणी."

"तू दाबलेलंस."

"तू दाबलेलंस."

दोघांनाही नक्की आठवेना. पण लिफ्ट वर गेली होती, दरवाजा उघडला होता, आणि आत पलंगांवर माणसं होती, एवढं दोघांना आठवत होतं. त्यानंतर घाबरायला वेळच मिळाला नव्हता.

दक्षता बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत बसली. मग म्हणाली, "आजी, भीती वाटत असताना गेलं तर चालतं का?"

"मंग कवा जातात?" आजी म्हणाली. "भीती वाटत नाय तवा तर मानूस बाजारात पन जातो. तू जा नायतर राहा, मना दोन्ही चालतंय. पन राहिलीस तर तुजं तू राहा, देवीचं नाव सांगू नको."

दक्षताने नाक ओढलं. "जाते मी," ती म्हणाली, आणि मग पुन्हा एकदा, स्वतःला ऐकू जावं म्हणून, "जाते."

सुगंधा उठली आणि आतल्या खोलीत गेली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, आणि मग तिचा: "एक पुडी जवळा पुरेल का गं तुला, की दोन देऊ?"

*

संध्याकाळी पाचला देऊळ उघडलं तेव्हा कान्हा पहिला पोचला. आईने बजावून पाठवलं होतं, जा नि तिची माफी मागून ये. दक्षता त्याच्याबरोबर आली होती, पण ती बाहेर चपलांपाशी थांबली. चपला सांभाळते, म्हणाली.

पुजारी रवींद्र समईत तेल घालत होता. "काय कान्हादादा, लागला का कौल?"

"लागला," कान्हा म्हणाला, आणि अधिक काही सांगितलं नाही.

सकाळच्या पाकळ्या कुणी तरी झाडून नेल्या होत्या. मुखवट्याचे दोन्ही गाल पुसून लख्ख केले होते. कान्हा हात जोडून उभा राहिला, आणि माफी कशी मागायची ते त्याला सुचेना. पोरीला सुखरूप ठेव, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि आईचं बोलणं आठवून ते अर्ध्यात थांबलं. तेवढं तरी मागू दे, असं वाटलं. मग तेही मागितलं. बापाला न मागता राहवत नाही, आणि ती गोष्ट देवीला समजत असावी.

पण मागून झाल्यावर तो तिथेच उभा राहिला. वीस दिवस छातीत जे आवळून धरलं होतं ते अजून तिथेच होतं, आणि ते सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. भीती गेली नव्हती. बुधवारी ती याहून मोठी होणार, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने मागे वळून पाहिलं. दाराबाहेर त्याची मुलगी त्याच्या चपला आपल्या चपलांशेजारी सरळ मांडून ठेवत होती.

कान्हा पुन्हा देवीकडे वळला.

"आये," तो म्हणाला, रवींद्र ऐकतोय याची पर्वा न करता, "विमानतळापर्यंत मी सोडतो. तिथनं पुढं तू ने."